यंत्र उत्तम, पण मुद्रण कसे? घरच्या स्टिरिओसाठी संगीताची निवड

उत्तम प्रतीच्या स्टिरिओ यंत्रणा विकणाऱ्या दुकानांत ग्राहकाला काही ठरावीक ध्वनिमुद्रणे हमखास ऐकवली जातात. 'ईगल्स' या अमेरिकी रॉक बँडच्या १९९४ सालच्या 'हेल फ्रीझेस ओव्हर' या संग्रहातील 'हॉटेल कॅलिफोर्निया' हे त्यांपैकी बहुधा सर्वांत परिचित. गिटारींची नाजूक सुरुवात, श्रोत्यांच्या टाळ्या आणि मग छातीत घुमणारा तालवाद्याचा ठोका. ग्राहक भारावतो, व्यवहार ठरतो, यंत्रणा घरी येते. पहिल्याच संध्याकाळी आवडत्या भावगीतांची किंवा एखाद्या मैफलीची सीडी लावली जाते आणि निराशा पदरी येते. आवाज पातळ वाटतो, तबला डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो, 'स' आणि 'श' ही अक्षरे कानाला टोचतात. जुन्या टेपरेकॉर्डरवर हेच गाणे अधिक गोड लागत होते, असे घरातील मंडळी सांगू लागतात.

अशा वेळी दोष बहुधा यंत्राला दिला जातो. महागड्या तारा आणल्या जातात, ॲम्प्लिफायर बदलला जातो, खर्च वाढत जातो. प्रत्यक्षात यंत्राने आपले काम चोख बजावलेले असते. चांगली संगीतयंत्रणा मुद्रणात जे आहे ते दाखवते. मुद्रणातील उणिवाही ती लपवत नाही. स्टुडिओत किंवा सभागृहात जो नाद टिपलाच गेला नाही, तो दिवाणखान्यात कितीही पैसे खर्चून निर्माण करता येत नाही. म्हणूनच यंत्रणेइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, लक्ष तिच्यावर वाजवायच्या मुद्रणाच्या निवडीकडे द्यायला हवे.

चांगले मुद्रण कसे ओळखावे?

चांगल्या ध्वनिमुद्रणाची पहिली खूण म्हणजे नादाचा खरेपणा. सतार सतारीसारखी आणि सारंगी सारंगीसारखी वाटली पाहिजे, ही अपेक्षा साधी दिसते. पण ती पूर्ण होणे दुर्मीळ आहे. मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ ठेवला तर बोटांचे घर्षण आणि गजाची खरखर मोठी होते, वाद्याचा देह मात्र हरवतो. तो फार दूर ठेवला तर सभागृहाचा घुमारा वाद्याला गिळून टाकतो.

दुसरी खूण अवकाशाची. दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेत गायक बसल्याचा भास झाला पाहिजे. तबला एका बाजूला, संवादिनी दुसऱ्या बाजूला आणि तंबोरे मागे अशी मांडणी डोळे मिटून जाणवली पाहिजे. तिसरी खूण चढउताराची. कुजबुजीइतका हळुवार स्वर आणि तार सप्तकातील पुकार यांच्यातील अंतर मुद्रणात टिकलेले असावे. चौथी खूण शांततेची. स्वर थांबल्यावर त्याची आस विरत जाताना ऐकू यावी, ती मध्येच कापली जाऊ नये.

भारतीय श्रोत्याच्या हाताशी या चारही गोष्टी तपासण्याचे एक उत्तम साधन आहे, ते म्हणजे तंबोरा. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. त्याच्या तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झचा. जवारीमुळे या चार तारांतून उमटणारे स्वयंभू स्वर मात्र कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पोहोचतात. म्हणजे खालपासून वरपर्यंत सारा नादपट या एका वाद्यात सामावलेला असतो. मुद्रणात खर्जाची तार छेडल्याचे कळते का, जोडीच्या दोन तारा वेगळ्या जाणवतात का आणि त्यांच्या वर तरंगणारा गंधार ऐकू येतो का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी मुद्रणाचा दर्जा बराचसा उघड होतो. अलीकडच्या अनेक मुद्रणांत इलेक्ट्रॉनिक तंबोरा असतो. त्याचे प्रत्येक आवर्तन हुबेहूब सारखे असते. खऱ्या तंबोऱ्याचे आवर्तन प्रत्येक वेळी किंचित बदलते. चांगल्या यंत्रणेवर हा फरक काही मिनिटांतच लक्षात येतो.

दुसरी कसोटी डग्ग्याची. मनगटाच्या दाबाने डग्ग्याचा स्वर वर सरकतो, ती मींड स्पष्ट ऐकू आली पाहिजे. केवळ 'धम्' असा गोळीबंद आवाज येत असेल, तर खालचे नाद एक तर टिपले गेलेले नाहीत किंवा नंतर फुगवलेले आहेत.

भोंग्यापासून सीडीपर्यंत

प्रत्येक मुद्रणाची मर्यादा त्याच्या काळाने ठरवून दिलेली असते. त्यामुळे संग्रह करणाऱ्याला या इतिहासाचे टप्पे ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कोलकात्यात आला आणि भारतातील पद्धतशीर ध्वनिमुद्रणाला प्रारंभ झाला. गौहर जान यांच्या ध्वनिमुद्रिका त्याच दौऱ्यातल्या. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. कलावंताने मोठ्या भोंग्यात तोंड घालून गायचे आणि त्या आवाजाच्या जोराने सुई मेणाच्या तबकडीवर रेषा कोरायची, अशी पद्धत होती. मानवी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढा पट्टा ऐकू येतो. भोंग्याने त्यातील लहानसा मधला भाग तेवढा टिपला जाई. तंबोऱ्याचा खर्ज आणि डग्ग्याचा घुमारा मेणापर्यंत पोहोचतच नसे.

१९२५ मध्ये मायक्रोफोन आणि विद्युत मुद्रणाची पद्धत आली आणि नादपट रुंदावला. १९३१ मध्ये 'ईएमआय'मधील अभियंता ॲलन ब्लमलाइन यांनी दोन मार्गांच्या, म्हणजेच स्टिरिओ मुद्रणाचे पेटंट मागितले. ते बाजारात येण्यास मात्र पाव शतकाहून अधिक काळ लागला. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आणली आणि तीन मिनिटांची मर्यादा वीस-पंचवीस मिनिटांवर गेली. हिंदुस्थानी रागाला प्रथमच थोडा विस्तार मिळाला. अली अकबर खाँ यांची १९५५ मध्ये अमेरिकेत निघालेली, व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांनी प्रास्ताविक केलेली लाँग प्ले ही या विस्ताराची आरंभीची साक्ष आहे. स्टिरिओ तबकड्या १९५८ पासून सर्रास निघू लागल्या. १९८२ मध्ये सीडी आली. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुना १६ बिटांचा, या मोजमापामुळे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर राखणे शक्य झाले. लाँग प्लेमध्ये हे अंतर साधारण ६० ते ७० डेसिबल असते.

या तपशिलातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. १९५० च्या दशकातील भारतीय मुद्रणात स्टिरिओ अवकाश शोधणे व्यर्थ आहे. चित्रपटगीतांच्या बाबतीत तर १९६० च्या दशकापर्यंतचा बहुतेक ठेवा मोनो, म्हणजे एकाच मार्गाचा आहे. मोनो मुद्रण वाईट असते असे मात्र नव्हे. आमीर खाँ यांची मारवा आणि दरबारी या दोन रागांची लाँग प्ले मोनो आहे. चांगल्या यंत्रणेवर तिच्यातील मंद्र सप्तकाचा भार आणि विरामांची शांतता अनेक आधुनिक स्टिरिओ सीडींना मागे टाकते.

जागा आणि मायक्रोफोन

जगभरच्या दर्दी श्रोत्यांनी ज्या मुद्रणांना वर्षानुवर्षे मान दिला, त्यांत एक समान सूत्र आढळते. मुद्रण कोठे केले आणि मायक्रोफोन किती व कसे लावले, याचा तेथे बारकाईने विचार झालेला असतो.

वॅग्नरच्या 'रिंग' या चार संगीतनाटकांच्या मालेचे डेक्का कंपनीने १९५८ ते १९६५ या काळात गेऑर्ग शॉल्टी यांच्या संचालनाखाली मुद्रण केले. ते व्हिएन्नातील सोफियनझाल या सभागृहात झाले. ही वास्तू मुळात बाष्पस्नानगृह म्हणून बांधलेली होती. नृत्यगृहाच्या लाकडी जमिनीखाली राहिलेल्या तरणतलावाच्या पोकळीने वाद्यवृंदाला एक उबदार भरीवपणा दिला. डेक्काच्या अभियंत्यांनी संचालकाच्या डोक्याच्या वर इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकारात तीन मायक्रोफोन टांगण्याची पद्धत रूढ केली होती. 'डेक्का ट्री' या नावाने ती आजही वापरात आहे. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसह १९७१ मध्ये डेक्कासाठी केलेले होल्स्टच्या 'द प्लॅनेट्स'चे मुद्रण याच परंपरेतले. वाद्यवृंदाचा गडगडाट आणि त्याच्या पाठोपाठ येणारी तरल शांतता या दोन्ही टोकांना यंत्रणा कितपत न्याय देते, हे त्यावर उत्तम तपासता येते.

भारतीय संगीताच्या संदर्भात सर्वांत बोलके उदाहरण 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या संग्रहाचे आहे. जयपूरचे विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि अमेरिकेच्या राय कूडर यांची स्लाइड गिटार यांची ही जुगलबंदी 'वॉटर लिली अकूस्टिक्स' या छोट्या कंपनीने कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका प्रार्थनामंदिरात मुद्रित केली. दोघे कलावंत मुद्रणाच्या थोडाच वेळ आधी प्रथम भेटले होते. ब्लमलाइन यांच्या पद्धतीने लावलेले दोन मायक्रोफोन, त्यांच्याभोवती बसलेले चार वादक आणि व्हॉल्व्हवर चालणारे टेप यंत्र एवढाच सरंजाम होता. नंतर काही जोडले नाही की काही वगळले नाही. १९९३ मध्ये निघालेल्या या संग्रहाला पुढील वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो ऐकताना दगडी वास्तूचा घुमारा, तारांची थरथर आणि वादकांमधील अंतर स्पष्ट जाणवते.

प्रत्येक चांगले मुद्रण दोनच मायक्रोफोनांनी होते असे नाही. झाकीर हुसेन यांचा 'मेकिंग म्युझिक' हा 'ईसीएम' कंपनीचा १९८७ सालचा संग्रह ऑस्लोच्या स्टुडिओत मुद्रित झाला. हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन आणि यान गार्बारेक हे त्यातील सहवादक. येथे जागेचा आभास काही अंशी स्टुडिओत रचलेला आहे. तबल्याच्या चाटेवरील नखाएवढ्या बोलापासून डग्ग्याच्या खोल मींडेपर्यंत सारे मात्र इतक्या स्वच्छपणे टिपले आहे, की तबला ऐकण्याची ती एक शिकवणीच ठरावी. पद्धत कोणतीही असो, मुद्रकाला वाद्याचा नाद आतून ठाऊक असणे महत्त्वाचे.

एकच संगीत, अनेक आवृत्त्या

नवख्या संगाहकाची सर्वाधिक फसगत होते ती आवृत्तीच्या बाबतीत. एकच गायन लाँग प्ले, कॅसेट, सीडी, संकलन आणि इंटरनेटवरील फाइल अशा अनेक रूपांत मिळते. मूळ मुद्रण एकच असले तरी त्यावर झालेले संस्कार वेगळे असतात. मूळ टेपवरून विक्रीची प्रत तयार करताना जे अखेरचे काम होते, त्याला मास्टरिंग म्हणतात. बिघाड बहुधा येथेच होतो.

माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्लू' हा १९५९ सालचा जॅझ संग्रह याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मुद्रणाच्या पहिल्या दिवशी मुख्य टेप यंत्र किंचित मंद गतीने चालत होते. त्यामुळे तबकडीची पहिली बाजू वाजवताना सगळे स्वर थोडे चढे लागत. दुसऱ्या यंत्रावर त्याच वेळी घेतलेली राखीव टेप वापरून ही चूक १९९२ च्या आवृत्तीत सुधारली गेली. तोपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ असंख्य वादक चढ्या सुरातील तबकडीबरोबर सराव करीत होते. भारतीय ७८ गतीच्या तबकड्यांच्या बाबतीतही ही काळजी घ्यावी लागते. आरंभीच्या काळातील सर्वच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. त्या सरसकट त्या गतीने वाजवून सीडीवर घेतल्या, तर गायकाची पट्टी बदलते आणि लयही.

दुसरा बिघाड आवाज फुगवण्याचा. १९९० च्या दशकापासून सीडी अधिकाधिक 'मोठी' ऐकू यावी यासाठी कंपन्यांत चढाओढ सुरू झाली. त्यासाठी हळू आवाज वर ओढायचा आणि मोठा आवाज दाबायचा. परिणामी सारे संगीत एकाच पातळीवर आदळत राहते, चढउतार नाहीसा होतो आणि काही वेळाने कान थकतो. मेटॅलिका या बँडच्या २००८ सालच्या 'डेथ मॅग्नेटिक' संग्रहाने हा वाद चव्हाट्यावर आणला. त्याच गाण्यांची एका व्हिडिओ गेमसाठी दिलेली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी आणि स्वच्छ असल्याचे चाहत्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी नव्या आवृत्तीची मागणी करणारे निवेदनच काढले. 'रीमास्टर्ड' हा शब्द वेष्टनावर आहे म्हणून ती प्रत चांगली, असे समजणे म्हणूनच धोक्याचे. पुष्कळदा १९८० च्या दशकातील साधी सीडी तिच्या रीमास्टर केलेल्या आवृत्तीपेक्षा अधिक श्रवणीय असते.

तिसरा बिघाड अतिस्वच्छतेचा. जुन्या टेपवरील सळसळ आणि तबकडीवरील खरखर काढण्यासाठी संगणकीय चाळण्या वापरल्या जातात. सळसळीचे नाद वरच्या पट्ट्यात असतात आणि तंबोऱ्याची जवारी, 'स'कार, सारंगीच्या गजाचा स्पर्श हेही त्याच पट्ट्यात असते. चाळणी जास्त घट्ट केली, की सळसळीबरोबर तेही निघून जाते आणि गायक गोधडीखाली गात असल्यासारखा वाटतो. गायक थांबताच तंबोराही मूक होत असेल, तर ती प्रत टाळावी. थोडी खरखर कान लवकरच विसरतो. गेलेली जवारी परत मिळत नाही.

चौथा प्रकार जुन्याला नवे रूप देण्याचा. १९६० आणि ७० च्या दशकांत मोनो मुद्रणे कृत्रिमरीत्या दुभागून स्टिरिओ म्हणून विकली गेली. त्यांत खालचे स्वर एका स्पीकरमधून आणि वरचे दुसऱ्यातून येतात. पुढे कॅसेटच्या जमान्यात जुन्या चित्रपटगीतांवर नवा ठेका चढवलेले 'झंकार बीट्स' आले. आजही इंटरनेटवर यांतील अनेक आवृत्त्या मूळ गाण्याच्या नावानेच समोर येतात. ऐकणाऱ्याने मूळ प्रत शोधून दोन्ही लावून पाहाव्यात.

आकड्यांचा मोह

सीडीच्या १६ बिटांवर समाधान न मानणाऱ्यांसाठी १९९९ मध्ये एसएसीडी आली. त्यानंतर २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंतच्या फाइली आल्या. ॲपल म्युझिकने २०२१ पासून कोणतीही काटछाट न केलेले संगीत जादा शुल्काशिवाय द्यायला सुरुवात केली. आकडा मोठा तेवढा आवाज चांगला, असा समज त्यामुळे दृढ झाला.

अमेरिकेतील ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या समजाची एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च प्रतीची मुद्रणे एकदा जशीच्या तशी आणि एकदा सीडीच्या मोजमापातून गाळून श्रोत्यांना ऐकवण्यात आली. कोणते कोणते, हे त्यांना सांगितलेले नव्हते. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जेवढी आली असती जवळपास तेवढीच. याच लेखात आणखी एक निरीक्षण होते. चाचणीसाठी वापरलेली बहुतेक एसएसीडी मुद्रणे बाजारातील सर्वसाधारण सीडींपेक्षा सरस वाटत होती. लेखकांच्या मते याचे कारण मोजमापात नव्हते. जाणकार श्रोत्यांसाठी काम करताना अभियंत्यांनी आवाज फुगवला नव्हता, संगीत मोकळे ठेवले होते.

तबकड्यांच्या बाजारातही २०२२ मध्ये असाच धडा मिळाला. संपूर्ण ॲनालॉग पद्धतीने घडवलेल्या समजल्या जाणाऱ्या 'मोबाइल फिडेलिटी' या अमेरिकी कंपनीच्या अनेक महागड्या लाँग प्लेंच्या निर्मितीत डिजिटल टप्पा होता, असे उघड झाले. प्रकरण न्यायालयात गेले. डिजिटल आवाज ऐकताक्षणी ओळखतो असे सांगणाऱ्या अनेकांनी त्याच तबकड्या वर्षानुवर्षे वाखाणल्या होत्या. त्या तबकड्या चांगल्या वाजत होत्या, कारण मूळ टेपची निवड आणि मास्टरिंग काळजीपूर्वक झाले होते.

सीडीच्या दर्जाची, काटछाट न केलेली प्रत घरच्या यंत्रणेला पुरेशी आहे. तिच्याखाली मात्र उतरू नये. चांगल्या ॲम्प्लिफायरला फोनवरून ब्लूटूथने संगीत पुरवणे म्हणजे फाइल मोठी असली तरी वाटेत पुन्हा काटछाट करणे होय. शक्य तेथे तारेने किंवा घरातील वाय-फाय जाळ्यावरून संगीत पोहोचवावे.

मराठी संग्राहकासाठी

हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत उपलब्ध मुद्रणांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला स्टुडिओतील लाँग प्लेंचा. १९६० आणि ७० च्या दशकांतील 'एचएमव्ही'च्या लाँग प्ले या वर्गातील सर्वांत भरवशाचा भाग आहेत. वेळेच्या बंधनामुळे राग आटोपशीर मांडलेला असतो, पण नादाचा तोल सांभाळलेला असतो. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची, माणिकराव पोपटकर यांच्या तबल्याची साथ लाभलेली १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' येथून सुरुवात करण्यास हरकत नाही. संतूरच्या तारांवरील आघाताची टोकदार सुरुवात आणि बासरीतील फुंकीचा श्वास, दोन्हींसाठी ती चांगली परीक्षा आहे.

दुसरा वर्ग आकाशवाणीचा. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला. त्यासाठी आणि प्रादेशिक केंद्रांसाठी झालेली मुद्रणे बहुतांशी मोनो आहेत, पण स्टुडिओ शांत, मायक्रोफोन मोजके आणि गायक निवांत. संग्रहातून प्रसिद्ध झालेल्या या मुद्रणांत कृत्रिम घुमारा सहसा नसतो. माडगूळकर-फडके यांचे 'गीतरामायण' हेही मुळात १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून वेगवेगळ्या गायकांच्या आवाजात प्रसारित झाले. सुधीर फडके यांनी स्वतः गायलेल्या ध्वनिमुद्रिका नंतरच्या. विकत घेताना आपण कोणते घेत आहोत, हे पाहून घ्यावे.

तिसरा वर्ग मैफलीचा, आणि येथेच सर्वाधिक सावधगिरी लागते. सभागृहातील ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, संवादिनी गायकावर चढते, कर्णकर्कश घुमारा जोडलेला असतो. तरीही गायकाची खरी झेप पुष्कळदा मैफलीतच सापडते. त्यामुळे मैफलीची मुद्रणे वर्ज्य करू नयेत. एकाच मैफलीच्या दोन-तीन प्रती मिळत असतील तर त्या ताडून पाहाव्यात.

मुंबईतील 'ऱ्हिदम हाऊस' २०१६ मध्ये बंद झाले. दुकानातील जाणत्या विक्रेत्याला विचारून प्रत निवडण्याची सोय आता फारशी उरलेली नाही. ते काम आता श्रोत्यालाच करावे लागते. त्यासाठी वेष्टनावरील किंवा फाइलसोबतची माहिती वाचण्याची सवय उपयोगी पडते. मुद्रणाचे वर्ष, ठिकाण, मुद्रकाचे नाव आणि साथीदारांची नावे जेथे नोंदलेली असतात, तेथे आवाजाकडेही लक्ष दिलेले असण्याची शक्यता अधिक.

विकत घेण्यापूर्वी आणि नंतर

* दोन प्रतींची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणावा. किंचित मोठी वाजणारी प्रत कानाला नेहमीच सरस भासते.
* यंत्रणा निवडायला जाताना दुकानातील मुद्रणांवर विसंबू नये. वर्षानुवर्षे ऐकलेली आपली तीन-चार मुद्रणे सोबत न्यावीत. त्यांत एक कंठसंगीताचे, एक तबल्याचे आणि एक जुने, सदोष मुद्रणही असावे. सदोष मुद्रण असह्य करणारी यंत्रणा घरी फार काळ सुखाने नांदत नाही.
* दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण साधावा. उघड्या भिंती व फरशीमुळे आवाज टणटणीत होत असेल, तर सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे कपाट हे सर्वांत स्वस्त उपाय आहेत.
* मोनो मुद्रण दोन स्पीकरांच्या बरोबर मधून ऐकू यायला हवे. ते एका बाजूला कलत असेल, तर दोष मांडणीत किंवा प्रतीत आहे.
* संपूर्ण राग ऐकून मगच मत बनवावे. पहिल्या दोन मिनिटांत दिपवणारी मुद्रणे अर्ध्या तासानंतर पुष्कळदा थकवतात.

या साऱ्या चिकित्सेला एक मर्यादाही आहे. केवळ यंत्रणेची शान दाखवणारी मुद्रणे जमवत गेले, तर काही वर्षांनी घरात उत्तम आवाजांचा संग्रह असतो आणि संगीत थोडेच असते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये निवर्तले. त्यांच्या आवाजाच्या ज्या तबकड्या मागे राहिल्या, त्यांना स्टिरिओ नाही, खर्ज नाही, खरखर मात्र पुष्कळ आहे. त्यांतील झिंझोटीतील ठुमरीची तबकडी लहानपणी एका दुकानात वाजताना कानावर पडली आणि असे गाणे शिकायचेच या ध्यासाने आपण घर सोडले, असे भीमसेन जोशी सांगत असत. त्या दुकानातला ग्रामोफोन आजच्या कोणत्याही मोजपट्टीवर उतरला नसता. अशा तबकडीची स्वच्छ पण न खरवडलेली, योग्य गतीने उतरवलेली प्रत शोधून काढणे आणि ती उत्तम यंत्रणेवर शांतपणे ऐकणे, यासाठी केलेला खर्च आणि खटाटोप कारणी लागला असे म्हणता येईल.